गोल दिवा की टोकदार तोंड? नेकेड बाइकचं रूप कशाने ठरतं आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते

पुण्याजवळ चाकणला बजाज ऑटो अशा दोन गाड्या बनवते की शेजारी उभ्या केल्या तर दोघींत साठ वर्षांचं अंतर वाटावं. एक केटीएम ड्यूक ३९०, दुसरी ट्रायम्फ स्पीड ४००. कागदावर मात्र हे अंतर सापडत नाही. दोघींचं इंजिन एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, चारशे सीसीच्या आसपासचं. दोघींना पुढे उलटा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्या, जाड भाग वर), मागे एकच शॉकअप, १७ इंची अलॉय. २०२३ साली आल्या तेव्हा टायरचं मापसुद्धा तेच होतं, पुढे ११०/७० आणि मागे १५०/६०. (इंजिन एकच आहे असा समज बराच पसरलाय, तो चुकीचा. दोन्ही इंजिनं वेगळी आहेत. तेव्हा ड्यूकची ताकद ४६ पीएस (अश्वशक्तीचं मेट्रिक माप) होती आणि स्पीडची ४०.) तरीही एक गाडी आजची वाटते आणि दुसरी आजोबांच्या फोटोतली.

हे कसं घडतं ते कळलं की गाडी घेताना पुष्कळ गोंधळ टळतो. कारण रूपासोबत टाकीत किती लिटर बसणार, पंक्चर काढायला किती वेळ लागणार, मागे बसणाऱ्याचे हाल किती होणार आणि गाडी पडली तर बिल किती येणार, हेही बऱ्यापैकी ठरून जातं.

नेकेड म्हणजे इंजिन झाकणारं फेअरिंग नसलेली गाडी. १९६९ ची होंडा सीबी७५० किंवा १९७२ ची कावासाकी झेड१ तशाच होत्या, पण तेव्हा रस्त्यावरच्या बहुतेक सगळ्याच गाड्या तशा असल्याने वेगळं नाव लागत नव्हतं. १९८० च्या दशकात फेअरिंगवाल्या स्पोर्ट्स बाइकची लाट आली आणि मग फेअरिंग नसणं ही मुद्दाम केलेली निवड झाली. तिच्या दोन वाटा फुटल्या. जपानमध्ये कावासाकीने १९८९ साली झेफिर ४०० आणली: हवेने थंड होणारं इंजिन, मागे दोन शॉकअप, गोल दिवा. युरोपात अपघातात फेअरिंग फुटलेल्या स्पोर्ट्स बाइक लोक तशाच उघड्या चालवू लागले आणि त्या उग्र रूपाचीच फॅशन झाली. १९९३ ची डुकाटी मॉन्स्टर आणि १९९७ ची ट्रायम्फ टी५०९ स्पीड ट्रिपल या दुसऱ्या वाटेवरच्या. आता गंमत बघा, मॉन्स्टरला एक गोल दिवा होता, टी५०९ ला दोन, आणि दोघींना कुणी क्लासिक म्हटलं नाही. म्हणजे खूण दिव्यात नाही.

खूण बाजूच्या रेघेत आहे

गाडी सरळ उभी करा, सात-आठ पावलं मागे या आणि बाजूने बघा. टाकीचा तळ आणि सीटचा तळ जोडणारी रेघ मनातल्या मनात ओढा. क्लासिक गाडीत ती जमिनीला जवळपास समांतर असते. टाकी थेंबासारखी, सीट सपाट आणि लांब, सीटखाली तिकोनी साइड कव्हर, सायलेन्सर मागच्या चाकाच्या आसापर्यंत आडवा. इंजिन आणि टाकी यांच्यामधून पलीकडचं दिसतं, मागच्या चाकावरही मोकळी जागा असते. आधुनिक गाडीत ती रेघ पुढे कलते, शेपूट वर जाते, दिवा टाकीपेक्षा खाली उतरतो. दबा धरून बसलेल्या मांजरासारखी ठेवण. मोकळी जागा जवळपास नसतेच. एअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग सगळं पुढच्या अर्ध्या भागात ठासलेलं असतं आणि त्यावर प्लॅस्टिकचे पंख.

हे नुसतं नटणं नव्हे. वजन पुढे आणि मध्यभागी आणलं की पुढच्या टायरवर दाब येतो, वळणात पकड चांगली लागते आणि जोरात गॅस दिल्यावर पुढचं चाक पटकन उचलत नाही. आधुनिक रूप ही त्या मांडणीची जाहिरात आहे. पण मांडणी आणि रूप यांची फारकत करता येते, आणि ती कशी करतात हे पाहायला कावासाकीची जोडी सगळ्यात चांगली.

झेड९०० आणि २०१७ च्या शेवटी दाखवलेली झेड९००आरएस या दोघींत तेच ९४८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. पहिली अंगावर येणारी, दुसरी थेट १९७२ च्या झेड१ ची आठवण काढणारी. नुसता गोल दिवा लावून भागलं असतं तर कावासाकीने चेसिसला हात लावला नसता. पण झेड९०० च्या चेसिसवर थेंबासारखी टाकी आडवी बसेना, म्हणून वरचे पाइप आणि सीटखालचा सांगाडा बदलावा लागला. इंजिन पाण्याने थंड होतं, तरी आरएसच्या इंजिनावर फिन्स (हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर असतात तशा पट्ट्या) दिल्या. चाकं अलॉयचीच, पण आरे इतके सडपातळ की लांबून तारांचं चाक वाटावं. मागचा शॉकअप दोन्हींत आडवा, आत दडलेला. आरएसला मागे दोन शॉकअप दिलेले नाहीत, आणि ते बरोबरच केलं. दिवा एलईडी, पण आत अनेक कप्पे करून अशी सोय केली की लो बीमलाही पूर्ण वर्तुळ उजळलेलं दिसावं. अर्धाच उजळला असता तर नव्या काळाची चुगली झाली असती. मीटरचे काटे बंद असताना ज्या कोनात थांबतात तो कोनसुद्धा झेड१ वरून घेतलाय.

इंजिनाचा स्वभावही बदलला, आणि खरेदी करणाऱ्याने मुख्यतः हे बघावं. कम्प्रेशन ११.८ वरून १०.८ वर आणलं, व्हॉल्व्ह उघडणारे कॅम सौम्य केले, फ्लायव्हील १२ टक्के जड केलं. ताकद १२५ पीएसवरून १११ पीएसवर आली. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मात्र साधारण तेवढाच राहिला आणि तो ७,७०० ऐवजी ६,५०० आरपीएमलाच पूर्ण मिळू लागला. म्हणजे गिअर न बदलता ओव्हरटेक सोपा झाला, वरच्या आरपीएमची मजा कमी झाली. स्पीड ४०० ची ताकदही ड्यूकपेक्षा कमीच ठेवलेली दिसते. क्लासिक रूपाची गाडी घेणारा माणूस शांत चालवणार असं कंपन्या गृहीत धरतात आणि इंजिन तसं बसवतात. शोरूममध्ये फक्त पीएस विचारू नका, टॉर्क किती आरपीएमला मिळतो तेही विचारा.

टाकी

क्लासिक गाडीत टाकीचा पत्रा हीच बाहेरची कातडी. बहुतेक आधुनिक गाड्यांत पेट्रोलची टाकी आत असते आणि बाहेर जे दिसतं त्यातलं बरंचसं प्लॅस्टिकचं आवरण असतं. शंका असेल तर छोटं चुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्रा. चुंबकाची टँक बॅग घ्यायची असेल तर ही तपासणी आधीच करा. यामाहाच्या एक्सएसआर७०० ला टाकीवर ॲल्युमिनियमची कव्हरं आहेत, तिथे क्लासिक रूप असूनही चुंबक चिकटणार नाही.

पत्र्याच्या टाकीला पोचा आला की आतून ठोकायला वाव नसतो, कारण चेसिसवर बसण्यासाठी टाकीच्या मधोमध बोगदा असतो आणि हात पोचत नाही. मग पुट्टी भरून रंग, नाहीतर नवी टाकी. वेल्डिंग करून देतो म्हणणाऱ्या गॅरेजपासून चार हात लांब राहा. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. आधुनिक गाडीचं दुखणं वेगळं. एक पंख फुटला तर तेवढाच बदलता येतो, पण तो रबरी बुशात अडकवलेल्या बारीक खुंट्यांवर बसतो आणि सर्व्हिसला काढताना घाई केली की खुंटी तुटते. मग पंख खडखडत राहतो. काढताना तिरका ओढू नये, आधी सगळे स्क्रू निघालेत याची खात्री करून सरळ बाहेर खेचावा.

क्षमतेचं गणित: फ्युएल इंजेक्शनचा पंप टाकीच्या पोटात असतो आणि त्याला उंची लागते. सडपातळ, सपाट तळाच्या टाकीत तेवढी जागा गेली की उरतं कमी. २०२३ च्या ड्यूकची टाकी १५ लिटरची, स्पीड ४०० ची १३ लिटरची. हे दोन लिटर हायवेवर चांगलेच जाणवतात.

चाकं: इथे भावना बाजूला ठेवा

तारांचं चाक देखणं असतं, वाद नाही. पण साध्या तारांच्या चाकाच्या रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं, तिथून हवा निसटते, म्हणून आत ट्यूब लागते. ट्यूबला खिळा लागला की हवा झपाट्याने उतरते आणि पंक्चर काढायला चाक सोडवावं लागतं. ट्यूबलेसमध्ये खिळा भोकातच रुतून राहतो, हवा हळू जाते आणि रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत दोरी भरता येते. ताम्हिणी घाटात पावसात ट्यूबवालं मागचं चाक सोडवायची वेळ आली की रूपाचा विचार राहत नाही. रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर ६५० ला सुरुवातीला फक्त तारांची चाकं होती, २०२३ पासून काही रंगांत अलॉय मिळू लागले. तीच गाडी, तेच इंजिन. रोज लांब जाणाऱ्याने अलॉयवालीच घ्यावी असं आमचं स्पष्ट मत.

तारांच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. जोरात खड्ड्यात आपटल्यावर अलॉयला तडा जाऊ शकतो आणि तडा गेलेला अलॉय वेल्ड करून वापरणं धोक्याचं. तारांची रिम थोडी वाकली तर जाणकार मिस्त्री तारा आवळून ती पुन्हा सरळ करतो. मात्र तारांची देखभाल करावी लागते. स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक तारेवर हलकी टिचकी मारा. घट्ट तार टण वाजते, ढिली बद्द वाजते. दोन-तीन सलग ढिल्या सापडल्या तर गाडी लांब नेऊ नका. नवी गाडी पहिल्या सर्व्हिसला जाईल तेव्हा तारा तपासायला आवर्जून सांगा, कारण त्या सुरुवातीलाच बसून थोड्या ढिल्या पडतात.

मापाचाही प्रश्न आहे. १७ इंची चाकांना चांगल्या रेडियल टायरची निवड भरपूर. १८ किंवा १९ इंचाला ती कमी होते आणि गावाकडे हवा तो टायर लगेच मिळेलच असं नाही. हंटर ३५० सारखी क्लासिक वळणाची गाडीही १७ इंची चाकांवर आली.

फिन्स, पाइप आणि लपवाछपवी

हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन्स कामाच्या असतात. इंटरसेप्टरच्या तशा आहेत, सोबत पुढे ऑइल कूलर. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीवर फिन्स मुख्यतः दिसण्यासाठी, खरं काम काळ्या रंगात रंगवून पाइपांमध्ये दडवलेला रेडिएटर करतो. दोन्हींत चिखल साचू देऊ नका. रेडिएटरवर प्रेशर वॉशरची धार जवळून सोडली की त्याच्या नाजूक पट्ट्या वाकतात आणि हवा जाईनाशी होते. साध्या पाइपने, मागून पुढे धुवावा. रेडिएटर दिसत नाही म्हणून कूलंट तपासायचा राहतो, हे क्लासिक रूपाच्या गाड्यांत फार होतं. कूलंटच्या टाकीतली पातळी इंजिन थंड असताना बघा.

सायलेन्सरमध्ये तर खरी जादूगिरी. बीएस-६ किंवा युरो ५ या प्रदूषणाच्या नियमांसाठी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागतो आणि तो लवकर तापावा म्हणून इंजिनाजवळ ठेवावा लागतो. त्याचा डबा दिसायला वाईट. ड्यूकने तो पोटाखाली घेतला आणि सायलेन्सरही तिथेच आटोपला. वजन खाली आणि मध्ये आलं, पण उंच गतिरोधकावर डबल सीट जाताना जपावं लागतं. ट्रायम्फने २०१६ च्या बॉनव्हिल टी१२० मध्ये वेगळी युक्ती केली. बेंडपाइप सरळ सायलेन्सरमध्ये जातो असं दिसतं, प्रत्यक्षात धूर इंजिनाखालच्या डब्यात जाऊन परत येतो. त्याच गाडीचे थ्रॉटल बॉडीही (इंजिनात हवा सोडणारे भाग) जुन्या कार्ब्युरेटरच्या आकाराचे केलेत.

क्रोमचा पाइप तापून निळसर-पिवळा पडतो, दुहेरी पत्र्याचा पडत नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने क्रोमवर बारीक तांबेरा धरतो. तो दिसताच लोखंडी काथ्याने घासू नका, ओरखड्यांतून गंज आणखी आत शिरतो. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडं करा, क्रोम पॉलिश लावा. आधुनिक गाडीचा मॅट रंग उलट स्वभावाचा. त्यावर पॉलिश किंवा मेण लावलं की चकाकते डाग पडतात आणि ते काढायला इलाज नसतो.

मागची बाजू आणि डबल सीट

आंतरराष्ट्रीय फोटोत गाडी एक दिसते आणि शोरूममध्ये दुसरीच, याचं कारण बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ मागे बसणाऱ्यासाठी हाताला आधार, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मागतो. म्हणजे आपला साडी गार्ड. क्लासिक गाडीवर तो शोभून जातो, कारण तिथे गोल मडगार्ड आणि दांडे आधीच असतात. आधुनिक गाडीच्या वर उचललेल्या शेपटीला तो चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून लोक पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. काढू नका. ओढणी किंवा साडीचा पदर चाकात अडकण्याचे अपघात दिसण्यापेक्षा फार गंभीर असतात.

सपाट लांब सीटवर एका बाजूला पाय सोडून बसता येतं, आधुनिक गाडीच्या उंच, छोट्या मागच्या सीटवर ते जवळजवळ अशक्य. घरात आई किंवा आजी मागे बसणार असेल तर चाचणीला त्यांना सोबत न्या, मगच पैसे भरा.

चालवणाऱ्यासाठी एक उलटं सत्य सांगायला हवं. क्लासिक म्हणजे आरामदायी हे शहरापुरतं खरं. शंभरच्या वर सरळ बसून छातीवर वारा घेत तासभर गेलं की खांदे भरून येतात. किंचित पुढे झुकलेल्या आधुनिक बैठकीत वाऱ्याचा रेटा थोडं अंग तोलून धरतो.

आधुनिक गाडीला क्लासिक करताना

बाजारात गोल दिवे, छोटे इंडिकेटर, हँडलच्या टोकाचे आरसे सहज मिळतात. बिघडतं ते पुढच्या ठिकाणी.

मागचा सांगाडा कापून सीट आडवी करणं ही सगळ्यात महाग चूक. त्याच भागात बॅटरी, ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) आणि काही गाड्यांत एबीएसचं (ब्रेक लावल्यावर चाक लॉक होऊ न देणारं) युनिट असतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी हाच मुद्दा काढते. कुठलाही कापकाम न करता बोल्टने बसणारे आणि परत काढता येणारे बदलच करावेत. गाडीचा रंग बदलला तर आरसी बुकात नोंद करून घ्या.

हँडल बदलल्यावर गाडी स्टँडवर चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. आरपीएम आपोआप वाढला तर गॅसची केबल ताणली जातेय. ड्यूक आणि स्पीडसारख्या गाड्यांत गॅसची केबल नसतेच, तिथे क्लचची केबल आणि ब्रेकचा होज बघा. होज ताठ झाला तर तो बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.

एलईडी इंडिकेटर फार कमी करंट घेतात, त्यामुळे जुन्या पद्धतीचा फ्लॅशर बल्ब उडालाय असं समजून भराभर लुकलुकतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर बसवा. चौकात टेप गुंडाळून घातलेला रेझिस्टर तापतो आणि शेजारची वायर वितळवतो. टायर एक माप रुंद घालण्याचा मोहही टाळा. त्याच रिमवर तो चिमटला जाऊन त्याचा गोलवा बदलतो, आणि व्यास बदलला तर पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करणारं एबीएस गोंधळतं.

गोल दिवा लावायचाच असेल तर आधी फोर्कच्या नळ्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा. उलट्या फोर्कचा वरचा भाग जाड असतो, साध्या फोर्कसाठीचे ब्रॅकेट त्यावर बसत नाहीत. मग दोन नळ्यांमधलं अंतर मोजा, दिव्याच्या मागे वायरिंगची गाठ मावेल इतकी खोली आहे का बघा, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर वायर ताणली जात नाही ना ते तपासा. काही नव्या गाड्यांत मूळ एलईडी दिवा काढला की मीटरवर दोष दिसतो, म्हणून विकत घेण्याआधी त्याच मॉडेलवर तो दिवा चालतो का याची खात्री करा.

शेवटी प्रकाश जुळवा. सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा आणि सीटवर नेहमी चालवणारा माणूस हवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खूण करा. लो बीमची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. वर पडली तर समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल, फार खाली गेली तर घाटात पुढचं वळण दिसणार नाही. नेहमी डबल सीट फिरत असाल तर मागे माणूस बसवूनच हे माप घ्या, कारण मागचा शॉकअप दबला की पुढचा प्रकाश वर जातो.